तक्रार: बंद पडलेली सेवा आपोआप सुरू होत नाही

प्रति,
देखभाल विभागप्रमुख

महोदय,

दांडिया बाजारातली आमची पॅथॉलॉजी लॅब दोन वर्षे तुमच्या लिनक्स सर्व्हरवर चालते आहे. देखभालीचे पैसे आम्ही वेगळे भरतो. करारात 'सेवा बंद पडल्यास आपोआप पुन्हा सुरू होईल' असे स्पष्ट लिहिले आहे. पंधरा दिवसांत दोनदा ते खोटे ठरले.

११ तारखेच्या रात्री सर्व्हरची मेमरी संपली आणि कर्नलने, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याने, रिपोर्ट पाठवणारी सेवा बंद पाडली. सकाळी साडेआठपर्यंत एकही रिपोर्ट गेला नाही. एका बाईंचे नऊला ऑपरेशन होते. त्यांचा मुलगा छापील रिपोर्ट न्यायला धापा टाकत आला. त्याला काय सांगायचे, हे मला सुचेना. माझ्या भाच्याने त्या सर्व्हिसची सेटिंगची फाइल उघडली, तर तिच्यात 'रीस्टार्ट'ची ओळच नव्हती. ती नसली की सिस्टमडी (लिनक्समध्ये सेवा सुरू-बंद करणारा प्रोग्राम) 'नो' असेच धरतो, म्हणजे पडलेली सेवा पडूनच राहते.

तक्रारीनंतर तुमच्या इंजिनिअरने 'रीस्टार्ट ऑलवेज' एवढेच लिहून तिकीट (तक्रारीची नोंद) बंद केले. २३ तारखेला सर्व्हर रीबूट झाला. आमच्या डेटाबेसला उभे राहायला अर्धे मिनिट लागते. तोवर सेवा उठायची, डेटाबेस न मिळाल्याने पडायची. वेगळे काही सांगितले नसेल तर सिस्टमडी ०.१ सेकंदातच पुन्हा उठवतो आणि १० सेकंदांत ५ वेळा उठवून झाले की नाद सोडतो. म्हणजे डेटाबेस यायच्या आतच सगळे प्रयत्न संपले. सेवा संध्याकाळपर्यंत बंद. लॉगमध्ये, म्हणजे सर्व्हरच्या नोंदींत, हे कारण लिहिलेले होते, पण तुमच्याकडे ते कोणी वाचले नाही. उत्तर आले: 'सर्व्हिस रीस्टार्ट केली, अडचण दूर.'

दोन प्रयत्नांत किमान १० सेकंदांचे अंतर ठेवा. सेवा पडली की लॅबच्या मोबाइलवर लगेच संदेश आला पाहिजे. मेमरी का संपली तेही शोधा. नुसते उठवत राहिल्याने ते कारण झाकले जाईल आणि पुढच्या वेळी पुन्हा कोणाच्या तरी ऑपरेशनच्या दिवशी उघडे पडेल. या महिन्याचे देखभाल शुल्कही परत हवे.

आठ दिवसांत लेखी उत्तर द्यावे. दोन्ही दिवसांचे लॉग सोबत जोडले आहेत.

आपली,
लॅबची संचालिका
दांडिया बाजार, बडोदा