विट्याच्या गलाईवाल्या नानांना, जीएच्या काट्याबद्दल जाहीर थँक्यू

नाना, नमस्कार.

फोनवर तुम्ही थँक्यू म्हणू देत नाही, "बरं बरं, बाग कशी हाय ते सांग" म्हणून विषयच बदलता. म्हणून इथं सगळ्यांसमोर लिहितोय. आणि आपल्या तासगाव, मिरज, पलूसकडच्या बागायतदारांनीपण वाचावं, कारण जीए (जिब्रेलिक अॅसिड, द्राक्षाच्या घडांवर मारायचं संजीवक) सगळेच मोजून टाकतात पण ज्या काट्यावर मोजतात तो काटा कुणी तपासत नाही.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. ऑक्टोबर छाटणीनंतर घड पोपटी रंगात आले की जिब्रेलिक अॅसिडचा पहिला स्प्रे १० पीपीएमचा, म्हणजे लिटरला १० मिलिग्रॅम. १०० लिटर पाण्याला १ ग्रॅम, म्हणजे ६०० लिटरच्या ब्लोअरला (ट्रॅक्टरच्या फवारणी यंत्राला) ६ ग्रॅम, पावडर आधी अल्कोहोलमधे विरघळवून मग टाकीत. आमच्याकडं २०० ग्रॅमचा खिशातला काटा आहे, ०.०१ ग्रॅमपर्यंत दाखवणारा, शेजारच्या दादांकडंही तसलाच. यंदा एकच पुडी दोन्हीवर ठेवली तर आमचा म्हणतोय ६.००, त्यांचा ६.३१. आता खरा कोण? दादा म्हणाले पाचचं जुनं पिवळं नाणं ठेव, ते बरोबर ६ ग्रॅमचं असतं. ठेवलं, दोन नाणी दोन आकडे.

नाना, तुम्ही जत्रेला गावी आला होता म्हणून बरं. विटा, खानापूर, आटपाडीची माणसं गलाईसाठी, म्हणजे सोनं-चांदी गाळायच्या धंद्यासाठी, देशभर गेलीत हे सगळ्यांना माहीत आहे, पण सोनं गाळून गाळून मिलिग्रॅमची जी नजर तयार होते ती मी पहिल्यांदा जवळून बघितली. तुम्ही पहिला प्रश्न विचारला, "तू वजन किती करतोस?" मी म्हणलं सहा ग्रॅम. "मग १०० ग्रॅमचं वजन ठेवून काटा जुळवलास त्याचा काय उपयोग, सहाला काय दाखवतोय ते बघ की." काट्याबरोबर १०० ग्रॅमचं एकच वजन येतं, त्यानं कॅलिब्रेशन केलं की ० आणि १०० ही दोन टोकं जुळतात, मधलं सगळं जुळलंच असं नाही, हे तेव्हा डोक्यात शिरलं. नाण्याचं तुमचं मत असं की टाकसाळीतनं येतानाच थोडं कमीजास्त असतं, वर झिजतं, काटा साफच बिघडलाय का एवढं बघायला ठीक, त्यापुढं नाही. आणि तुम्ही वजनपेटी उघडली.

ती पेटी मी विसरणार नाही. आत मखमल, वजनांना एकेक खळगा, आणि मिलिग्रॅमची वजनं म्हणजे पातळ पत्र्याचे तुकडे, एक कोपरा वर दुमडलेला, चिमट्यानं धरायला. हात लावायला गेलो तर तुम्ही मनगटच धरलं, बोटाचा घाम लागला की वजन बदलतं म्हणून. १० ग्रॅमच्या एम१ या अचूकतेच्या दर्जाच्या वजनाला २ मिलिग्रॅमच्या आत फरक चालतो, आमच्या काट्याचा शेवटचा आकडाच १० मिलिग्रॅमचा, म्हणजे वजन काट्यापेक्षा कितीतरी पक्कं. तपासायचं वजन असंच पाहिजे, नाहीतर चूक कुणाची तेच कळत नाही.

मग तुम्ही फॅन बंद करायला लावला, मोबाईल लांब ठेवला, सेल नवे टाकले, काटा फरशीवर सपाट ठेवून थोडा वेळ नुसता चालू सोडला. १, २, ५, १०, २० असं चढत गेला आणि तसंच उतरत आला, प्रत्येक आकडा वहीत. एकच वजन परत परत उचलून ठेवलं, दरवेळी तेच दाखवतोय का बघायला. नंतर ताटलीच्या मधे आणि चारी कोपऱ्यांवर, आणि इथंच दादांचा काटा सापडला, एका कोपऱ्याला तो भलतंच बोलत होता. कधीतरी पडला असणार, आतला लोडसेल (वजन ओळखणारा भाग) वाकलेला. आमचा ५ ग्रॅमला ५.०१, तेवढं चालतंय म्हणालात. खरं सांगायचं तर ६ च्या जागी ६.३ पडलं असतं तरी साडेदहा पीपीएम, बागेचं काही वाकडं होत नव्हतं, हे तुम्हीच हसत सांगितलं. धोका दुसरीकडंच होता.

कडेच्या नव्या ओळींना आम्ही १६ लिटरचा पाठीवरचा पंप वापरतो, त्याला लागतं फक्त ०.१६ ग्रॅम. तुम्ही म्हणलात टाकून दाखव. मी चमच्यानं कणकण सोडत गेलो, ताटलीत पावडर दिसतीय आणि आकडा ०.०० वरच! हे बऱ्याच स्वस्त काट्यांत असतं म्हणे, शून्याजवळ हळूहळू वाढणारं वजन काटा हवेचा नाहीतर गरमीचा फरक समजून गिळतो आणि स्वतःला शून्य करत राहतो. माणूस टाकत राहतो. जीए जास्त झालं की पाकळ्या (घडाच्या बारीक फांद्या) कडक होतात, देठ जाड होतात, पुढच्या सालच्या घडांवरपण परिणाम होतो. यावर तुमचा उपाय एकदम साधा. आधी ५ ग्रॅमचं वजन ठेवायचं, टेअर (काटा शून्यावर आणायचं बटण) दाबायचं नाही, आणि ५.१६ होईपर्यंत टाकायचं. टेअर दाबलं की परत शून्य आणि परत तेच दुखणं.

त्याहून भारी दुसरं, इतकं बारीक वजन करूच नकोस म्हणालात. ५ ग्रॅम मोज, अल्कोहोलमधे विरघळवून ५०० मिली कर, १ मिलीत १० मिलिग्रॅम आलं, पंपाला १६ मिली घे. त्याच दिवशी संपवायचं, शिल्लक ठेवायचं नाही. आता आम्ही असंच करतो आणि पोरगं ते सिरिंजनं मोजतं, काट्याला कुणी हातपण लावत नाही.

आणि हो, काट्यावर एकदा एकदम ९२.५९ आलं होतं ते बटण चुकून दाबलं गेल्यामुळं, ग्रेन या जुन्या इंग्रजी मापात गेला होता! तुम्ही म्हणलात ग्रॅमला १५.४३ ग्रेन, जुना तोळा १८० ग्रेनचा, आणि तिकडं अमेरिकेत घरी काडतुसं भरणारे बंदुकीची दारू अजून ग्रेनमधेच मोजतात, ०.१ ग्रेन म्हणजे साडेसहा मिलिग्रॅम. एवढ्याशा फरकाला जपणारी माणसं असल्या काट्यावर दारू मोजतात म्हणल्यावर मला घामच फुटला.

बेदाण्याच्या काट्याचंपण विचारलं होतं ना, त्यावर शिक्का आहे, वैधमापनवाल्यांकडनं दरवर्षी होतो, आणि खिशातल्या काट्यावर विक्रीचं वजन करत नाही, काळजी नसावी.

पेटी तुम्ही सीझन संपेपर्यंत ठेव म्हणलात, डिपिंगला (घड द्रावणात बुडवायला) ४० पीपीएम करताना परत एकदा काटा लावून बघतो आणि मग वहिनींकडं आणून देतो. २०० मिलिग्रॅमचा पत्रा जरा वाकडा वाटतोय, आमच्याकडं येण्याआधीच होता का, तेवढं कळवा.