‘कोणतीही काळी शाई’ चालत नाही

संपादक महोदय,
स. न.

घरच्या घरी इंकजेट प्रिंटरचे कार्ट्रिज, म्हणजे शाईची डबी, भरून पैसे वाचवण्याविषयीचा लेख कालच्या अंकात वाचला. विषय गरजेचा आहे. शाळा सुरू झाल्या की घरोघरी प्रिंटर चालू लागतो आणि नवे कार्ट्रिज परवडत नाही. म्हणूनच ‘बाजारात मिळणारी कोणतीही काळी शाई चालते’ हे वाक्य आपण छापायला नको होते.

काळी शाई दोन प्रकारची असते. पिगमेंट शाईत रंगाचे सूक्ष्म कण असतात आणि ते कागदावरच बसतात. डाय शाई द्रवात पूर्ण विरघळलेली असते, ती कागदाच्या तंतूंत पसरते. एचपी ६७८, ८०३ किंवा कॅननच्या पीजी मालिकेतल्या काळ्या कार्ट्रिजमध्ये मूळ शाई पिगमेंट असते. रंगीतमध्ये तिन्ही रंग डाय. काळ्यात डाय भरली तर प्रिंटर चालतो, पण अक्षरांच्या कडा फुटतात. आपल्याकडे पावसाळाभर कागद सादळलेला असतो, त्यावर तर जास्तच. असा अर्ज घेऊन मामलेदार कचेरीत जाताना पावसाचे दोन थेंब पडले की सर्व्हे नंबर वाचता येत नाही. उलट, पिगमेंट शाई रंगीत कार्ट्रिजमध्ये गेली तर कण शाई बाहेर पडण्याच्या खालच्या बारीक छिद्रांत अडकतात आणि बहुतेक वेळा ते कार्ट्रिज टाकूनच द्यावे लागते. दुकानदाराने नुसते ‘ब्लॅक’ लिहिलेली बाटली पुढे केली तर ती परत करावी. एवढे एक वाक्य लेखात असते तरी पुरे होते.

‘सिरिंजने १० मिली भरा’ हेही चूक. या छोट्या कार्ट्रिजमध्ये स्पंज असतो. काळ्यात ४ ते ५ मिली, रंगीतच्या प्रत्येक कप्प्यात २ मिलीपेक्षा जास्त भरू नये. वरचे लेबल सोलून भरण्याच्या छिद्रात आधी टूथपिक घालून कोणता रंग आहे ते पाहावे, मग सुई स्पंजच्या मध्यापर्यंत नेऊन अगदी सावकाश दाबावे. घाई केली की स्पंजमध्ये हवा अडकते. शाई छिद्राशी दिसली की थांबून थोडी परत ओढून घ्यावी. जास्त झाली तर शेजारच्या कप्प्यात उतरते आणि पिवळ्याचा हिरवा होतो. मग खालची बाजू ओल्या टिश्यूवर नुसती टेकवावी, घासू नये. तीन पट्टे वेगवेगळे उमटेपर्यंत टेकवत राहावे.

भरल्यावर वरची छिद्रे चिकटपट्टीने घट्ट बंद करण्याचा सल्ला तर घातकच आहे. हवा आत गेली नाही की शाई खाली उतरत नाही. पहिले अर्धे पान ठळक आणि पुढचे फिकट आले तर कारण हेच असते. मूळ लेबल सैलसर ठेवले की पुरे. पहिल्या ओळीपासूनच पांढरी रेघ येत असेल तर खालचे छिद्र वाळले आहे. तेव्हा अख्खे कार्ट्रिज गरम पाण्यात बुडवायचे नसते, तांब्याचे संपर्कबिंदू भिजतात. फक्त खालची छिद्रांची पट्टी कोमट डिस्टिल्ड पाण्यात काही मिनिटे टेकवावी. विहिरीचे पाणी नको, त्यातले क्षार छिद्रात बसतात.

आणि पूर्ण संपेपर्यंत थांबायचे नसते. एचपी-कॅननच्या या कार्ट्रिजमध्ये शाई तापवून तिचा बुडबुडा करून थेंब फेकला जातो आणि तीच शाई हेड, म्हणजे थेंब फेकणारा भाग, थंड ठेवते. शाईविना चालवले की हेड जळते. छपाई फिकी होताच भरावे. नंतर एचपीचा प्रिंटर ‘वापरलेले कार्ट्रिज’ म्हणाला तर ओके दाबावे. कॅननमध्ये स्टॉपचे बटण किमान ५ सेकंद दाबून धरावे. शाईची पातळी रिकामीच दिसेल, त्याने घाबरू नये.

बचतीचा हिशेबही फुगवलेला आहे. १०० मिलीच्या बाटलीत ४ मिलीप्रमाणे २५ वेळा भरणे बसते हे खरे, पण एक हेड साधारण चार-पाच वेळाच नीट टिकते. एवढे धरूनही पैसे भरपूर वाचतात. मग वाढवून सांगायची गरज काय?

लेखासोबतच्या चित्रात सिरिंज लेझर प्रिंटरच्या टोनरला लावलेली दाखवली आहे. टोनरमध्ये कोरडी पूड असते. हे पाहून कोणी त्यात शाई ओतली तर जबाबदार कोण?

आणखी एक. जुनी कार्ट्रिज कोरड्या कचऱ्यात टाकण्याचा सल्ला मागे घ्यावा. कायद्याने प्रिंटर आणि त्याची कार्ट्रिज ई-कचऱ्यात येतात. आमच्या पंचायतीची गाडी ती घेत नाही आणि कुठे द्यायची तेही सांगत नाही. पंचायतींना हे विचारून आपण गाववार माहिती छापावी. त्याआधी शाईच्या प्रकाराची दुरुस्ती उद्याच्या अंकात, लेख आला होता त्याच पानावर यावी.

आपला,
एक वाचक, फोंडा