त्या डब्याबद्दल

प्रिय ओंकार,

तू ग्रुपवर नवीन फ्लॅटचे फोटो टाकलेस त्यात फ्रिजवर एक काळा मोठा डबा दिसला आणि शेजारी हिरव्या कॅप्सूलची बाटली, ताईने झूम करून लेबल वाचून दाखवलं म्हणून लिहितेय. फोनवर बोलले की तू "हो आई, बघतो" म्हणतोस आणि विषय तिथेच संपतो, म्हणून सगळं एकदाच लिहून टाकते, सावकाश वाच. रागावलेली नाहीये हां. पण तुला बसवलेली किडनी माझी आहे तर विचारायचा हक्क आहे की नाही मला?

आधी डब्याचं. त्यात क्रिएटिन आहे, ती स्नायू कमवायला घेतात ती पावडर. जिमच्या ट्रेनरने सांगितलं असणार, त्या पोराला काय माहीत तुझं काय झालंय ते. क्रिएटिनचं शरीरात क्रिएटिनीनच होतं, म्हणजे किडनी कशी चालतेय ते बघायला आपण दर वेळी रक्ताच्या रिपोर्टमधल्या ज्या आकड्याची जीव मुठीत धरून वाट बघतो तोच आकडा किडनीला काही न होता पण वर जाऊ शकतो, मग डॉक्टरांना कसं कळायचं की हे रिजेक्शन आहे, म्हणजे शरीर किडनी नाकारतंय, की डब्याची करामत? उगाच बायोप्सीची सुई टोचून घ्यायची वेळ येईल. आणि दुसरी बाजू म्हणजे खरंच काही बिघडत असेल तर "अरे ते पावडरमुळे असेल" म्हणून दुर्लक्ष होईल, मला तर त्याचीच जास्त भीती वाटते. प्रोटीन किती खायचं ते आपल्या डाएटिशियनला विचार, डाळ अंडी पनीरमधून बरंच भागतं.

आता त्या हिरव्या कॅप्सूल. अश्वगंधा, गुळवेल, हळदीचा अर्क, वर मिरीचा अर्क. जाहिरातीतला प्रत्येक माणूस इम्युनिटी वाढवायला निघालाय आणि आपण महिन्याला एवढे पैसे मोजून ती दाबून ठेवतोय, हे त्या दुकानदाराला नाही कळणार पण तुला कळायला पाहिजे ना रे. आईची किडनी असली तरी तुझ्याशी ती निम्मीच जुळते, तुझ्या पांढऱ्या पेशींना ती परकीच. त्यांना गप्प बसवायला टॅक्रोलिमस म्हणजे आपली टॅक्रो, मायकोफेनोलेट आणि ती छोटी स्टिरॉइडची गोळी. आणि गुळवेल अश्वगंधा कशासाठी विकतात, तर त्याच पेशींना जागं करायला.

गुळवेलीचं अजून एक, कोविडच्या काळात जो तो काढे पीत होता आणि २०२१ ला मुंबईच्या डॉक्टरांनी गुळवेल घेणाऱ्या काही पेशंटच्या लिव्हरला सूज आल्याचं छापलं होतं. आयुष मंत्रालयाने ते मान्य केलं नाही, वाद झाला. कोण बरोबर ते मी ठरवणार नाही, पण तुझ्या लिव्हरवर तो प्रयोग नको.

हळद भाजीत असते तेवढी खा, त्याला कोण नाही म्हणतंय. अर्काची गोष्ट वेगळी, एका कॅप्सूलमध्ये जेवणाच्या कितीतरी पट जातं आणि मिरी मुद्दाम घालतात कारण त्याने हळद अंगात जास्त शिरते. टॅक्रो ज्या एन्झाइमने लिव्हरमध्ये आणि आतड्यात मोडली जाते त्यात असल्या गोष्टी लुडबुड करतात. रक्तातली टॅक्रोची लेव्हल वाढली तर त्याच गोळीचा किडनीलाच त्रास, साखर वाढते, हात थरथरतात (सुरुवातीला तुझ्या हातातला चहा हिंदकळायचा, आठवतंय ना?), आणि लेव्हल खाली गेली तर रिजेक्शन. मधली पट्टी अगदी अरुंद आहे. मूड सुधारायला सेंट जॉन्स वॉर्ट नावाची झाडपाल्याची गोळी मिळते ऑनलाइन, ती लेव्हल खाली ओढते, ऑफिसात कोणी दिली तर नको म्हण. आणि पपनस! गणपतीत काकांकडून येतात ती. ग्रेपफ्रूटसारखंच काम करतं, लेव्हल वर नेतं. काकांना वाईट वाटेल म्हणून एक फोड पण खायची नाही, मी सांगेन त्यांना.

तू म्हणशील नॅचरल आहे गं आई. अरे तुझी टॅक्रो पण जमिनीतल्या जंतूपासूनच मिळालीय, जपानात त्सुकुबा भागातल्या मातीत १९८४ ला सापडली, मग ती पण नॅचरलच की, म्हणून काय आपण ती मनाला येईल तेवढी घेतो का?

सगळी व्हिटॅमिनं वाईट असं नाही म्हणत मी. डी आणि कॅल्शियम डॉक्टरांनीच दिलंय, स्टिरॉइडने हाडं ठिसूळ होतात म्हणून, ते बंद करू नकोस. बी बारा रिपोर्टमध्ये कमी असेल तर ते देतीलच. पण ती पाण्यात फसफसणारी १००० मिलिग्रॅमची व्हिटॅमिन सी रोज नको, जास्तीच्या सी चं ऑक्झलेट होतं आणि ते किडनीत साठू शकतं. ए पण किडनी मंदावली की अंगात साठतं, म्हणून मल्टिव्हिटॅमिनच्या बाटलीवर ए किती आहे ते बघत जा. पित्त झालं की तू मॅग्नेशियम ॲल्युमिनियमवालं पांढरं औषध पितोस ना, ते मायकोफेनोलेटच्या बरोबर घेतलंस तर गोळी नीट शोषली जात नाही, मध्ये दोन तास तरी जाऊ देत. खरं तर पित्ताला काय घ्यायचं तेच एकदा विचारून ठेव.

आणि मुळात तू हे आणलंस का? थकवा येतो म्हणून ना? मग ते डॉक्टरांना सांग, ट्रेनरला नाही. मायकोफेनोलेटने रक्तातल्या पेशी कमी होऊ शकतात, हिमोग्लोबिन उतरलं असेल, झोप नसेल होत, कारण शोधलं तर उपाय सापडेल. तसंच थकवा आला म्हणून कुठली गोळी, विशेषतः स्टिरॉइड, स्वतःच्या मनाने बंद नाही करायची.

आता आज एवढं कर. डब्याचा आणि बाटलीचा मागच्या बाजूचा फोटो, ज्यावर बारीक अक्षरात काय काय घातलंय ते असतं, तो ट्रान्सप्लांट कोऑर्डिनेटर मॅडमना पाठव आणि कधीपासून किती घेतलंस ते खरं खरं लिही, लपवू नकोस, त्या ओरडत नाहीत. त्या टॅक्रोच्या लेव्हलची तपासणी करायला सांगतील. सकाळची टॅक्रो न घेता लॅबमध्ये जायचं, रक्त दिल्यावर घ्यायची, हे तुला माहितीये पण घाईत विसरतोस. रिपोर्ट आला की मला नुसतं "नॉर्मल" असं नको लिहूस, आकडा दिसेल असा फोटो पाठव.

तुझी
आई

ता.क. मावशीने तुझ्यासाठी काढ्याची पावडर दिलीय, ती मी इथेच ठेवून घेतलीय. तिने विचारलं तर मिळाली म्हण.