एलिझाबेथ करणाऱ्या माझ्या लेकीस

चि. सायली,
अनेक आशीर्वाद.

परवा रात्री फोनवर तू म्हणालीस, "आई, नाटकातली ही एलिझाबेथ मला पटतच नाही गं. जन्मभर खरं बोलते आणि नेमकं जिथं खरं बोलायला हवं तिथंच खोटं बोलते." तुझ्या मागं मैत्रिणींचा गलका चालला होता, म्हणून मी "बघू, निवांत बोलू" म्हणून फोन ठेवला. खरं कारण गलक्याचं नव्हतं. तुला उत्तर द्यायचं तर मला माझी एक जुनी गोष्ट सांगावी लागणार होती आणि ती फोनवर तोंडातून निघाली नसती. म्हणून आज दुपारची कामं उरकून कागद घेऊन बसलेय.

तू ठेवून गेलेली तुमच्या नाटकाची, 'द क्रूसिबल'ची, संहिता मी दोनदा वाचली. सरांनी मराठी ओघवतं केलंय. आधी एक बारीक गोष्ट सांगून टाकते, नाहीतर राहून जाईल. तुमच्या पोस्टरवर ज्वाळा काढल्यात, त्या काढून टाका. नाटक घडतं त्या अमेरिकेतल्या सेलममध्ये कुणाला जाळलं नाही. 1692 साली तिथं चेटकाच्या आरोपावरून 19 जणांना फाशी दिली, 14 बायका आणि 5 पुरुष. म्हाताऱ्या जाइल्स कोरीच्या अंगावर दगड रचत नेले आणि तो त्याखाली गेला, कारण तो आरोपावर हो की नाही काहीच बोलायला तयार नव्हता. काही जण तुरुंगातच मेले. पोस्टरवर काढायचाच असेल तर दोर काढा, किंवा नुसता एक कागद आणि दौत. माझ्या मते कागदच काढा. हे नाटक कागदाचं आहे.

या खटल्यांची उलटी तऱ्हा मला आधी ठाऊक नव्हती. "हो, मी चेटकीण आहे, सैतानाला भेटले होते" असं जी म्हणाली, ती वाचली. "मी निर्दोष आहे" म्हणून जी अडून राहिली, तिच्या गळ्यात फास. कबूल करणाऱ्याला मग विचारायचे, तुझ्याबरोबर आणखी कोण होतं? तो दोन नावं घ्यायचा, त्या दोघांकडून आणखी चार नावं निघायची. पुरावा काय, तर मुली ओरडून सांगायच्या की अमकीची आकृती आम्हाला चिमटे काढतेय. ती आकृती दुसऱ्या कुणाला दिसायची नाही, आणि कोर्ट ते मान्य करायचं. आपल्याकडं हे फार लांबचं वाटू नये. नंदुरबारकडं सातपुड्यात अजूनही बाईला डाकीण ठरवतात. घरात कुणी आजारी पडलं की भगताकडं जायचं, त्यानं बोट दाखवायचं आणि आपण डाकीण नाही हे त्या बाईनं सिद्ध करायचं. ते कसं करणार? डॉ. नरेंद्र दाभोलकर जादूटोण्याविरुद्धच्या कायद्यासाठी वर्षानुवर्षं झगडले आणि 20 ऑगस्ट 2013 ला पुण्यात त्यांचा खून झाला, त्यानंतर कुठं तो कायदा आला. तालमीत कुणी "जुन्या काळातली वेडी माणसं" म्हणून हसलं, तर हे त्यांना सांग.

आता तुझ्या एलिझाबेथकडं येते.

तू तिचं खोटं तेवढं पाहतेस. मला त्याआधीचा तिचा नवरा, प्रॉक्टर, दिसतो. पहिल्याच अंकात त्या ओरडणाऱ्या मुलींची म्होरकी ॲबिगेल त्याला एकट्याला सांगते की चेटूकबिटूक काही नाही, आम्ही रानात नाचत होतो, मामा अचानक आला आणि त्याची पोर घाबरली. म्हणजे सगळ्या गावात खरं काय ते कळलेला हाच एक माणूस. त्या दिवशी तो गावात जाऊन बोलला असता तर? पण बोलायचं तर, मी त्या मुलीबरोबर एकटा होतो, हेही बाहेर आलं असतं, आणि तिच्याशी असलेल्या संबंधांचं जुनं पापही. म्हणून तो थांबतो. एलिझाबेथ त्याला म्हणते, जा, सांगून ये. तो आज-उद्या करत राहतो आणि तेवढ्यात तुरुंग भरत जातो. तो बायबलातल्या दहा आज्ञा म्हणून दाखवतो तो प्रसंग नीट बघ. नऊ म्हणतो आणि दहावी काही केल्या आठवत नाही. ती व्यभिचाराची असते आणि त्याला हळूच आठवण करून देते ती त्याची बायकोच. त्या घरात दोघांनाही सगळं माहीत आहे आणि दोघंही त्यावर झाकण ठेवून जगताहेत. आपण त्याला अब्रू म्हणतो.

तर त्याच घरातली बाई कोर्टात उभी राहते. प्रॉक्टरनं आत्ताच, ती बाहेर असताना, ॲबिगेलचं खोटं उघडं पाडायला भर कोर्टात आपलं पाप कबूल केलंय आणि वर शब्द दिलाय की माझी बायको खोटं बोलणं जाणतच नाही. तिला यातलं काहीच ठाऊक नाही. न्यायाधीश डॅनफर्थ प्रॉक्टरला आणि ॲबिगेलला पाठ करून उभं राहायला लावतो, म्हणजे तिला नवऱ्याच्या चेहऱ्यावरून काही उमगायला नको. ती त्या पाठीकडं बघते. आणि इतक्या दिवसांचं झाकण जपण्याची सवय त्या क्षणी तिच्या तोंडून बोलते, 'नाही', माझ्या नवऱ्याचं तसलं काही नव्हतं. ती बावळट नाही गं. घराची अब्रू सांभाळायची हेच तिनं आयुष्यभर केलं, आणि त्याच अब्रूनं तिच्या नवऱ्याचा घास घेतला. दार लागता लागता तिला कळतं की तो आधीच खरं बोलून गेला होता.

आता माझी गोष्ट.

तू सात महिन्यांची होतीस. बाळंतपणानंतर मी पतसंस्थेत परत रुजू झाले होते, तेव्हा अजून कायम व्हायची होते. तुझ्या बाबांचं काम सुटलेलं. एका संध्याकाळी रोख जुळेना, 18,000 रुपये कमी. रोखपाल बाई माझ्याहून दहा वर्षांनी मोठ्या, मला 'अगं पोरी' म्हणायच्या आणि डबा उघडला की पहिली चटणी माझ्या पोळीवर घालायच्या. आठवड्यानं व्यवस्थापकांनी एकेकाला आत बोलावलं. टेबलावर टाइप केलेला कागद होता. त्यावर लिहिलं होतं की सदर बाई वेळोवेळी रोकड घरी नेत असल्याचं आम्ही समक्ष पाहिलेलं आहे. चार सह्या झालेल्या होत्या. पाचव्या जागी पेन्सिलीनं बारीक फुली मारून ठेवली होती, इथं कर म्हणून. मी समक्ष काही पाहिलेलं नव्हतं. संध्याकाळचे साडेपाच वाजून गेले होते, तुझी दुधाची वेळ टळली होती, ब्लाउज ओला झाला होता आणि मी पदर पुढं ओढून बसले होते. ते म्हणाले, "तुमचं कायम करायचंय ना? घरी लहान बाळ आहे." एवढंच म्हणाले. मी फुलीवर सही केली. उठताना त्यांनी खोडरबरानं ती फुली पुसली, ते अजून डोळ्यांपुढून जात नाही.

बाईंकडून राजीनामा लिहून घेतला. आठ महिन्यांनी लेखापरीक्षणात निघालं की एका ठेवीची जमा दोनदा लिहिली गेली होती. पैसे कधी कमी नव्हतेच. तो कागद मात्र फाइलीत तसाच राहिला. आम्ही पाचही जण मूग गिळून बसलो. मी कायम झाले, आणि त्याच पगारावर तुझी शाळा झाली.

हे ओझं तुझ्या डोक्यावर टाकायला सांगत नाहीये. तू तेव्हा पाळण्यात होतीस, तुझा त्यात काही संबंध नाही. पण मी कित्येक वर्षं मनाला सांगत आले की बाळासाठी केलं. म्हणून चौथ्या अंकात, फाशीच्या सकाळी, चेटकाच्या खोट्या कबुलीवर सही केल्यावर प्रॉक्टर म्हणतो की मित्रांना विकून मी माझ्या तीन पोरांना ताठ मानेनं चालायला कसं शिकवू, तिथं मी पुस्तक मिटलं. तो नेमकं माझ्या उलट करतो. मी लेकराचं नाव पुढं करून सही केली आणि तो लेकरांपायीच सही परत घेतो.

तू म्हणालीस, "करायची सही, जीव वाचवायचा, मग बाहेर येऊन सांगायचं खरं." पाद्री हेलसुद्धा तेच म्हणतो आणि तो काही वाईट माणूस नाही. त्याच्या तोंडचं ते सगळं ऐकताना आपणही मान डोलावतो. मीही तेव्हा असंच ठरवलं होतं की नंतर कधीतरी सांगू. पण डॅनफर्थला प्रॉक्टरचं तोंडी कबूल करणं पुरत नाही, त्याला कागद हवाय, चर्चच्या दारावर लावायला. कारण तो कागद वाचून गाव म्हणणार, बघा, प्रॉक्टरसारख्यानं कबूल केलं, मग फाशीची शिक्षा झालेली ती म्हातारी रिबेका कशाला अडून बसलीय? त्या कागदावर त्याच सकाळी दुसऱ्यांना फाशी द्यायचंय. रिबेका तिथंच उभी असते, त्याच्याकडं बघत. तो स्वतःचं पाप कबूल करायला तयार आहे, तिच्याबद्दल एक अक्षर बोलायला तयार नाही. माझ्या सहीनं माझी नोकरी वाचली हे खरंच, पण ती सही कामाला आली ती बाईंच्या विरुद्ध. चार सह्यांना जे वजन नव्हतं ते पाचवीनं आलं.

हे नाटक आर्थर मिलरनं 1953 साली लिहून रंगमंचावर आणलं, तेव्हा अमेरिकेत कम्युनिस्ट शोधायची मोहीम चालू होती. चौकशी समितीपुढं बसवायचे आणि म्हणायचे, नावं सांगा आणि सुटा. तीन वर्षांनी, 1956 मध्ये, त्यालाही बसवलं. स्वतःबद्दल विचारलं ते त्यानं सांगितलं, दुसऱ्यांची नावं सांगितली नाहीत. शिक्षा झाली, पुढं 1958 मध्ये वरच्या कोर्टात ती रद्द झाली. आधी लिहिलं आणि मग तसाच वागला. याचं मला फार अप्रूप वाटलं.

आणि एक. खरा प्रॉक्टर साठीचा होता आणि खरी ॲबिगेल अकरा-बारा वर्षांची, त्यामुळं ते प्रेमप्रकरण मिलरनं रचलेलं. पण खरी एलिझाबेथ खरंच पोटुशी होती, म्हणून तिची फाशी लांबली. नवऱ्याला 19 ऑगस्टला फाशी झाली, ती मागं राहिली, कैदेतच बाळंत झाली आणि वाचली. शेवटच्या प्रसंगात तुझ्या पोटात मूल आहे हे विसरू नकोस. हात पोटावर नेऊन दाखवायची गरज नाही, चालण्यात येऊ दे. 'कबूल कर आणि जीव वाचव' असं तिला म्हणता आलं असतं, आणि ती म्हणत नाही. त्याला अडवायचा हक्क आपल्याला नाही असं तिला वाटतं. तिच्या खोट्यापेक्षा हे तिचं गप्प राहणं तुला जास्त अवघड जाईल.

त्या आरोप करणाऱ्या मुलींपैकी ॲन पुटनम नावाची एक मोठी झाल्यावर, 1706 मध्ये, चर्चमध्ये सगळ्यांसमोर उभी राहिली आणि पाद्रीनं तिचा माफीनामा वाचून दाखवला. चौदा वर्षं लागली तिला. मला वीसच्या वर लागली. गेल्या रविवारी मी रोखपाल बाईंच्या घरी गेले. त्या आता पोळी-भाजी केंद्र चालवतात, हाताला पीठ तसंच ठेवून दार उघडलं. मी सगळं सांगितलं, फुलीसकट. त्या ऐकत होत्या, मध्येच उठून गॅस बारीक करून आल्या. मग म्हणाल्या, "कोणी कोणी सही केली ते मला तेव्हाच दाखवलं होतं." म्हणजे इतकी वर्षं बाजारात भेटलो की त्या माझी, तुझी चौकशी करायच्या, ते सगळं माहीत असताना. माफ केलं असं त्या म्हणाल्या नाहीत आणि मीही विचारलं नाही. संस्थेला मात्र मी लेखी दिलंय की तो जबाब खोटा होता. पोच घेतली आहे, कपाटात तुझ्या प्रमाणपत्रांच्या फाइलीत ठेवलीय.

प्रयोगाला सकाळच्या एसटीनं येते. करड्या रंगाचं सुती पातळ मिळालं, त्याची टोपी आणि ओढणी शिवून आणते, डोक्याचं माप फोनवर सांग. कोर्टातल्या त्या 'नाही'च्या आधी सर जेवढा वेळ थांबायला सांगतात, त्याहून थोडी जास्त थांब. बाबा बरे आहेत.

तुझी,
आई