पुन्हा त्याच्याशी बोलले

प्रभादेवी, मुंबई
2 फेब्रुवारी 2025

प्रिय सखे,

फोनवर धड सांगता आलं नसतं, म्हणून लिहायला बसले. मी आणि तो, माझा कबड्डीपटू, पुन्हा एकत्र आलो आहोत. आधी सगळं वाचून घे, मग हवं तेवढं रागव.

रागावायचा हक्क तुला आहेच. 2018च्या मे महिन्यात सांगलीहून रात्रीच्या एसटीने तूच धावत आली होतीस. प्रो कबड्डी लीगचे संघ बोली लावून खेळाडू घेतात तो लिलाव तोंडावर आला असताना सरावात त्याच्या उजव्या गुडघ्याचं लिगामेंट फाटलं. एमआरआयचा रिपोर्ट हातात पडला तेव्हा मी त्याच्या शेजारी होते, आणि ती पत्रकार म्हणून नव्हे. एक ओळ लिहिली नाही, ऑफिसात कुणापाशी बोलले नाही. तरी दुसऱ्याच एका दैनिकात बातमी आली. त्याच लिलावात इराणच्या फझल अत्राचलीवर यू मुंबा संघाने एक कोटीची बोली लावली. लीगमध्ये कोटीला पोहोचलेला तो पहिलाच खेळाडू, आणि तोही चढाईपटू नाही, कोपऱ्यात उभा राहून पकड करणारा कोपरारक्षक! कोपऱ्यात खेळणाऱ्यांना आता कुठे किंमत आली होती, आणि नेमकं तेव्हाच ह्याच्यासाठी कुणी बोली लावली नाही. बातमी माझ्याकडूनच फुटली असं त्याने धरून टाकलं. एका शब्दाने विचारलं नाही. निघून गेला.

पुढचं तुला ठाऊक आहे. ऑपरेशन, मग कित्येक महिने नुसते व्यायाम, जिल्ह्याच्या स्पर्धा, मग एका संघाने कमी पैशांत घेतलं आणि तो परत मॅटवर उभा राहिला. मी समोर पत्रकारांत बसून लिहीत राहिले. त्याच्या संघाची पत्रकार परिषद असली की प्रश्न दुसऱ्यांना विचारू द्यायचे. पण वृत्तांतात हात आखडता घेतला नाही. चांगला खेळला तर चांगला, वाईट खेळला तर वाईट.

डिसेंबरमध्ये लीगचे सामने बालेवाडीला होते. सामना आटोपून मी बातमी पाठवत होते, हॉल जवळजवळ रिकामा झाला होता. तो बर्फाची पिशवी गुडघ्याला बांधून आला आणि दोन खुर्च्या सोडून बसला. म्हणाला, "तू लिहिलं होतंस, उजव्या कोपऱ्यातला हा शेजारच्या बचावपटूची, कव्हरची, वाट न बघता घोट्यावर झेपावतो, चढाईपटू बोनस घेऊन उडी मारून निघून जातो. बरोबर होतं ते. तेव्हापासून मी अर्धं पाऊल मागे उभा राहतो."

सखे, इतक्या वर्षांनी माणूस भेटतो आणि अर्ध्या पावलाबद्दल बोलतो! पण मला तेच आवडलं. त्या रात्री त्याने चार पकडी केल्या होत्या, त्यातल्या दोन तर निर्णायक चढायांत, म्हणजे दोन चढाया रिकाम्या गेल्यावर गुण आणावाच लागतो त्या तिसऱ्या चढाईत. चढाईपटूचा पाय जादा गुणाच्या बोनस रेषेपलीकडे टेकून मागे वळेपर्यंत थांबायचा, मग घोटा धरायचा, तेवढ्यात कव्हर येऊन कमरेला मिठी मारायचा. मी ते डोळ्यांनी पाहिलं होतं आणि बातमीत घातलंही होतं.

मग मूळ विषयावर आला. "बातमी कुणी दिली ते मला आजही माहीत नाही. तू दिलीस असं मी ठरवलं, कारण कुणावर तरी राग काढायचा होता आणि तू जवळ होतीस. चुकलो." एवढंच. रडारड नाही, मनधरणी नाही. मी लगेच काही बोलले नाही. घरी आल्यावर मात्र खूप रडले.

आता सगळ्यात महत्त्वाचं. मी संपादकांना सरळ सांगितलं की ह्याच्या संघाचा एकही सामना, लिलावाची एकही बातमी मी करणार नाही. त्यांनी मान्य केलं. त्यालाही सांगितलं, ड्रेसिंग रूममधलं काही माझ्या कानावर घालू नकोस, गुडघा दुखला तर बायकोला सांगावं तसं सांग. 'बायको' हा शब्द तोंडून निघून गेला आणि दोघंही गप्प झालो.

जानेवारीत खो-खोचा पहिला विश्वचषक करायला दिल्लीला गेले, तर हा स्वतःच्या पैशाने तिकीट काढून आला. इंदिरा गांधी स्टेडियमात वर प्रेक्षकांत बसला. प्रियांका इंगळेच्या भारतीय महिला संघाने अंतिम सामन्यात नेपाळला 78-40 असं हरवलं, मग प्रतीक वाईकरच्या पुरुष संघानेही. दोन्ही कर्णधार आपल्या महाराष्ट्राचे! माझी बातमी संपेपर्यंत त्याने एकदाही फोन केला नाही. बाहेर थंडीत थांबून राहिला. 2018 साली त्याला हे जमलं नसतं.

भीती वाटते, नाही असं नाही. अजून एखाददुसरा हंगाम खेळेल, त्या गुडघ्याचा भरवसा नाही. स्पोर्ट्स कोट्यातली बँकेची नोकरी आहे, पण खेळ सुटल्यावर रोज काउंटरच्या मागे बसणं त्याला किती जड जाईल ते मला दिसतं आहे. तरी हे सगळं त्याच्याबरोबर राहूनच बघायचं आहे मला.

आईला अजून सांगितलेलं नाही. तिचा ह्याच्यावरचा राग तुझ्याहून मोठा आहे आणि ती ऐकते फक्त तुझं. म्हणून पुढच्या शनिवारी ये. आधी त्याला भेट, पोटभर बोल त्याला, तो ऐकून घेईल. मग आपण तिघं घरी जाऊ. एसटीचं तिकीट काढलंस की कळव, दादरला घ्यायला येते.

तुझीच