किनाऱ्याला लागलेली पाकिटे

महोदय,

ऑगस्ट २०२३मध्ये दापोलीच्या कर्दे, लाडघर, केळशी किनाऱ्यांवर प्लास्टिकमध्ये गुंडाळलेली चरसची पाकिटे वाहून आली, तेव्हा अमली पदार्थांचा हा व्यापार आपल्या दारावरून जातो हे अनेकांना प्रथमच जाणवले. पाकिस्तान-इराणच्या मकरान किनाऱ्याकडून निघालेल्या गलबतांतला माल भरसमुद्रात मच्छीमार नौकांवर उतरवला जातो आणि गस्तनौका दिसताच पाण्यात फेकला जातो. कंटेनरमधून तर तो राजरोस कागदपत्रांसह येतो, जसे २०२१मध्ये गुजरातच्या मुंद्रा बंदरात टाल्क या खनिजाच्या नावाखाली सुमारे ३,००० किलो हेरॉइन आले. गस्त वाढवावीच, पण खोल समुद्रातली अनोळखी नौका बहुधा आधी आपल्या खलाशांनाच दिसते, म्हणून त्यांची माहिती गुप्तपणे घेणारी आणि त्यांनाच चौकशीच्या फेऱ्यात न अडकवणारी व्यवस्था प्रत्येक मासेमारी बंदरात तातडीने उभारावी.

— एक वाचक, दापोली