खासदारांचे प्रगतिपुस्तक आणि गोखल्यांचे मीठ

माननीय संपादक यांस,
स. न. वि. वि.

संसदेचे अधिवेशन संपले की महाराष्ट्रातल्या 48 खासदारांचे प्रगतिपुस्तक वृत्तपत्रांत छापून येते. हजेरी इतके टक्के, प्रश्न इतके, चर्चेत सहभाग इतक्या वेळा, पहिला कोण आणि शेवटचा कोण. आकडे बहुधा बरोबर असतात. पण एखाद्या धोरणाच्या चर्चेत त्या सदस्याने नेमकी काय भर घातली, हे त्यातून कळत नाही.

आधी प्रश्नांचे पाहू. लोकसभेत एका दिवसासाठी एका सदस्याला तारांकित आणि अतारांकित मिळून पाच सूचना देता येतात, त्याही किमान 15 दिवस आधी. क्रम सोडतीने लागतो. दिवसाच्या यादीत 20 तारांकित आणि 230 अतारांकित प्रश्न असतात, आणि एका सदस्याचा एकच प्रश्न तारांकित होऊ शकतो. तारांकित प्रश्नाला मंत्री उभे राहून उत्तर देतात, अतारांकिताचे उत्तर कागदावर येते. सकाळी अकरा ते बारा या तासात त्या वीसपैकी चार-पाच प्रश्न पुकारले गेले तरी पुष्कळ. उरलेल्यांची उत्तरे पटलावर ठेवली जातात. म्हणजे 'अमुक खासदाराचे तीनशे प्रश्न' असे आपण वाचतो, तेव्हा त्यातले बहुतेक सभागृहात उच्चारलेही गेलेले नसतात. शिवाय एकाच आशयाच्या सूचना सचिवालय एकत्र करते. मग एका प्रश्नाखाली पाच-सहा नावे येतात आणि प्रत्येकाच्या खात्यात तो एक प्रश्न धरला जातो.

हजेरीचेही तसेच. मंत्री हजेरीपटावर सही करत नाहीत, विरोधी पक्षनेत्यालाही सही करावी लागत नाही. मंत्री प्रश्नही विचारत नाहीत. त्यामुळे तक्त्यात त्यांच्या नावापुढे दिसणाऱ्या शून्याला काही अर्थ नसतो, तरी ते शून्य छापले जाते.

मग मोजायचे काय? याचे उत्तम उदाहरण आपल्याच मातीतले आहे. गोपाळ कृष्ण गोखले 1902 मध्ये व्हाइसरॉयच्या कायदेमंडळात गेले. 1892 च्या कायद्यानुसार तिथे बिनसरकारी सदस्याला अर्थसंकल्पावर बोलता येई, पण ठराव मांडता येत नसे आणि मतही देता येत नसे. बहुमत सरकारी अधिकाऱ्यांचे. अर्थसंकल्पापुरते हातात होते ते वर्षातून एक भाषण. 26 मार्च 1902 च्या पहिल्याच भाषणात त्यांनी मिठावरचा कर धरला.

हा कर मणाला अडीच रुपये होता. मणाचे शेर 40 आणि अडीच रुपयांचे आणे 40, म्हणजे शेरभर मिठामागे सरकारचा एक आणा. गोखल्यांनी 'गरिबांवर अन्याय होतो' एवढे म्हणून भाषण आटोपले नाही, हा कर आला कुठून ते दाखवले. रुपयाचा भाव घसरत होता, विलायतेला पाठवायची रक्कम पौंडांत मोजावी लागत होती. ती तूट भरायला 1888 मध्ये दोन रुपयांचे अडीच झाले. पुढे रुपया 13 पेन्सवरून 16 पेन्सवर येऊन स्थिरावला. कारण सरले, कर तसाच राहिला. म्हणून तिजोरीत वर्षामागून वर्ष दिसणारी शिल्लक ही भरभराटीची खूण नाही, लोकांकडून गरजेपेक्षा जास्त घेतल्याची खूण आहे, असा त्यांचा युक्तिवाद होता. जोडीला मिठाचा दरडोई खप. तो वर्षाला दहा पौंडांच्याही खाली गेला आहे आणि प्रकृतीला वीस पौंड लागतात, असे त्यांनी मांडले. आकडे सरकारचे होते, हिशेब त्यांचा होता.

महत्त्वाचे हे की ते तिथेच थांबले नाहीत. पुढच्या वर्षी तोच विषय, नवे आकडे घेऊन; त्याच्या पुढच्या वर्षी पुन्हा. 1903 मध्ये कर दोन रुपयांवर आला, 1905 मध्ये दीडवर, 1907 मध्ये एक रुपयावर. शेरामागे एक आणा, म्हणजे बारा पै, होता तो पाच पैंच्याही खाली उतरला. हे सारे एकट्या गोखल्यांमुळे झाले असे म्हणणे बरोबर नाही, मागणी जुनी होती आणि तिजोरीही भरलेली होती. पण शिल्लक ही शिल्लक नव्हे, हे आकड्यांनिशी पटवून देणारा सभागृहातला आवाज त्यांचा होता. आजच्या तक्त्यात या कामाची नोंद 'चर्चेत सहभाग : 1' अशी झाली असती.

हरलेल्या कामाचेही मोल असते. मार्च 1910 मध्ये त्यांनी सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा ठराव आणला. जिथे शाळेच्या वयाचे 33 टक्के मुलगे आधीच शाळेत जातात, तिथेच सक्ती. वय सहा ते दहा. खर्चाचे दोन वाटे सरकारचे, एक स्थानिक संस्थेचा. सरकारने विचार करण्याचे आश्वासन दिले, ठराव मागे घेतला गेला. हालचाल दिसेना तेव्हा 16 मार्च 1911 रोजी विधेयक आले. 19 मार्च 1912 रोजी ते 38 विरुद्ध 13 मतांनी पडले. पण कोणाला सक्ती, किती वयापर्यंत, पैसा कोणाचा, हे सगळे त्यात लिहिलेले होते. म्हणूनच सहा वर्षांत, 1918 मध्ये, मुंबई प्रांतात विठ्ठलभाई पटेलांच्या प्रयत्नाने नगरपालिकांना सक्तीचे शिक्षण सुरू करण्याची मुभा देणारा कायदा होऊ शकला.

आजच्या खासदाराच्या हाती गोखल्यांपेक्षा कितीतरी जास्त हत्यारे आहेत. ती वापरली का, एवढेच पाहायचे. तारांकित प्रश्न पुकारला गेला की मूळ प्रश्नकर्त्याला साधारण दोन उपप्रश्न मिळतात. खरी परीक्षा तिथे होते. लेखी उत्तर सदस्याला आधी मिळालेले असते. ते वाचून त्यातली फट पकडणारा उपप्रश्न आला, की मतदारसंघातल्या एखाद्या भलत्याच कामाची मागणी आली, हे इतिवृत्तात दोन मिनिटांत कळते. उत्तराने समाधान झाले नाही तर अर्ध्या तासाची चर्चा मागता येते. तीन दिवस आधी सूचना द्यावी लागते, आणि सोमवार, बुधवार, शुक्रवार कामकाजाच्या अखेरीस ती घेतात. ती मागणारे सदस्य फार थोडे.

सर्वांत दुर्लक्षित गोष्ट आश्वासनाची. मंत्र्यांच्या उत्तरात 'माहिती गोळा केली जात आहे, ती पटलावर ठेवली जाईल' किंवा 'बाब विचाराधीन आहे' असे वाक्य आले की वाचक ते टोलवाटोलवी समजून सोडून देतात. पण लोकसभेच्या नियमांप्रमाणे अशा ठराविक वाक्यांचे आश्वासन होते. 15 सदस्यांची आश्वासन समिती त्याची नोंद ठेवते आणि तीन महिन्यांत पूर्तता अपेक्षित असते. पूर्तता झाली नाही तर खात्याला मुदतवाढ मागावी लागते, नाहीतर आश्वासन वगळण्याची विनंती करावी लागते. इथेच बहुतेक प्रश्न विरतात, कारण ज्याने प्रश्न विचारला तोच पुढच्या अधिवेशनात नव्या विषयाकडे वळलेला असतो. संख्येला बक्षीस मिळते तिथे पाठपुरावा कोण करणार!

अर्थसंकल्पाचेही पाहा. अनुदानाच्या मागण्यांवर, म्हणजे खात्यांनी खर्चासाठी सभागृहाकडे मागितलेल्या रकमांवर, कपात सूचना तीन प्रकारच्या. धोरणच अमान्य असेल तर मागणी एक रुपयावर आणा, खर्च जास्त वाटत असेल तर अमुक रक्कम कमी करा, विशिष्ट तक्रार मांडायची असेल तर 100 रुपये कमी करा. त्या मंजूर होत नाहीत हे सगळ्यांना ठाऊक आहे. पण सूचनेत काय लिहिले यावरून सदस्याने मागण्यांचे पुस्तक उघडले होते का ते दिसते. चर्चा होते मोजक्याच खात्यांची, बाकी मागण्या शेवटच्या दिवशी एकदम मताला टाकतात. त्या खात्यांची छाननी होते ती विभागनिहाय स्थायी समित्यांत. अशा 24 समित्या आहेत, प्रत्येकीत 31 सदस्य. त्यांचे अहवाल, असहमतीची टिपणे आणि विधेयकांवरच्या कलमवार दुरुस्त्या एकाही प्रगतिपुस्तकात येत नाहीत.

आमची विनंती साधी आहे. पुढच्या अधिवेशनानंतर 48 जणांचा तक्ता छापलात तर त्याच्या शेजारी पाच गोष्टींना जागा द्या : प्रत्यक्ष विचारलेले उपप्रश्न, मागितलेली अर्ध्या तासाची चर्चा, विधेयकांवर दिलेल्या दुरुस्त्या, समितीच्या अहवालावरचे असहमतीचे टिपण, आणि मिळवलेली आश्वासने. आश्वासनापुढे उत्तराची तारीख घाला आणि तीन महिन्यांनी तीच ओळ पुन्हा छापा. सगळ्या खासदारांचे जमणार नसेल तर आपल्या आवृत्तीच्या जिल्ह्यांपुरते करा. लागणारी बहुतेक माहिती लोकसभेच्या संकेतस्थळावर मिळते.

आपले,
संसदीय कामकाजाचा अभ्यास करणारे काही वाचक, पुणे